रात्रीत बसणारी गाडी: जुन्या फोर बाय फोरच्या वायरिंग आणि एअर सस्पेन्शनची दुरुस्ती

गाडी पंधरा वर्षांपुढची, मोठी, डिझेल, ऑटोमॅटिक, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंग). तक्रारी चार. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी मागच्या बाजूला बसलेली दिसायची. चालू केल्यावर सस्पेन्शनचा दिवा लागायचा, आणि त्याच्या जोडीला कधी एबीएसचा, कधी हँडब्रेकचा, कधी गिअरबॉक्सचा. चार दिवस जागेवर उभी राहिली की सेल्फ लागत नसे. आणि ब्रेक मारताना पुढून ‘ठक्क’ असा आवाज यायचा.

स्कॅनर लावला तर ९ मोड्यूलमध्ये (गाडीतल्या वेगवेगळ्या भागांचे छोटे संगणक) मिळून २७ बिघाडाचे कोड निघाले. त्यातला सगळ्यात ठळक कोड कॉम्प्रेसरचा, म्हणजे सस्पेन्शनला हवा पुरवणाऱ्या पंपाचा होता: हवेच्या टाकीतला दाब ठरलेल्या वेळेत वाढत नाही. हा कोड पाहून बहुतेक जण थेट नवा कॉम्प्रेसर मागवतात. आम्ही तो मागवला नाही. अशा गाडीत कॉम्प्रेसर सहसा शेवटी मरतो, आणि त्याला मारणारे दोघे वेगळे असतात: कमी व्होल्टेज आणि हवेची गळती. ते दोघे जागेवर असताना बसवलेला नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. म्हणून आधी सगळे कोड लिहून घेतले, मग पुसले, आणि मल्टीमीटर हातात घेऊन बॅटरीपासून सुरुवात केली.

बॅटरी रात्रभर पूर्ण चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मोजली. भरलेल्या साध्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसायला हवे, एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली बॅटरी) असेल तर १२.८ च्या आसपास. इथे १२.३ होते. सेल्फ मारताना ते ९.१ पर्यंत उतरत होते. साधारण हवामानात ९.६ च्या खाली गेले की बॅटरीवर संशय घ्यावा. लोड टेस्टमध्येही ती नापास झाली. या गाड्यांमध्ये दिव्यांचा जो गोंधळ दिसतो त्याचा मोठा भाग इथेच उगवतो. सेल्फ लागताना व्होल्टेज खोल गेले की काही मोड्यूल मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतात, आणि बाकीची मोड्यूल ‘अमक्याशी संपर्क तुटला’ असा कोड ठेवून देतात. मोड्यूल चांगले असते, त्याला फक्त वीज पुरलेली नसते.

पण नुसती बॅटरी बदलून काम संपत नाही. सेल्फ मारताना मीटरचा एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या पोस्टवर) आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवला. ०.७ व्होल्ट. ही जागा ०.२ च्या आत असायला हवी. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी (वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) वरून ठीक दिसत होती. बोल्ट काढल्यावर थिंबलखाली (पट्टीच्या टोकाची धातूची कडी) गंजाची तपकिरी पूड निघाली. तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, पट्टी नवी घातली, बोल्ट आवळला आणि त्यानंतर वरून ग्रीस लावले. ग्रीस आधी लावून बोल्ट आवळू नये. बॅटरीचा अर्थ बॉडीला जिथे मिळतो ती जागाही तशीच साफ केली. त्यानंतर तेच माप ०.०८ व्होल्टवर आले. नवी एजीएम बॅटरी बसवल्यावर स्कॅनरमधून ती बदलल्याची नोंद केली. ज्या गाड्या चार्जिंग बॅटरीच्या वयाप्रमाणे ठरवतात, त्यांत ही नोंद करायची राहून गेली तर नवीन बॅटरीला जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज मिळत राहतो.

बॅटरीची वायर काढण्याआधी डिकी उघडी ठेवायची. या वर्गातल्या गाड्यांची डिकी विजेच्या लॅचवर चालते. बॅटरी मागे असेल आणि डिकी बंद झाली तर आत पोचायला मोठी खटपट पडते.

इंजिन चालू असताना चार्जिंग १४.२ व्होल्ट मिळत होते. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवरची लहर मोजली, ती ०.१ व्होल्टच्या खाली होती, म्हणजे अल्टरनेटरचे डायोड ठीक. कॅनच्या (मोड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडणी) दोन वायरींमधला रोधही याच टप्प्यावर, बॅटरी सोडलेली असताना, निदान सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मोजला: ६० ओहम. दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रेझिस्टर असल्याने ६० यायलाच हवे. १२० आले असते तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले असते तर वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. इथे शोध लांबला नाही.

पाण्याने मात्र वेळ खाल्ला. डाव्या बाजूचे कार्पेट वरून कोरडे होते, पण हाताने दाबल्यावर खालच्या फोममधून पाणी वर आले. सनरूफच्या चौकटीत साचणारे पाणी चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली उतरते, आणि पुढच्या दोन नळ्या काचेच्या बाजूच्या खांबातून जातात. त्यातली डावी नळी धूळ आणि पानांच्या लगद्याने बंद होती. ती साफ करायला जोरदार हवा मारू नये. नळी आतल्या जोडातून सुटते, आणि मग पाणी थेट डॅशबोर्डच्या मागे उतरते. गवत कापण्याच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी आत सरकवून फिरवली, मग वरून अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतले आणि ते खाली गाडीबाहेर पडते आहे हे डोळ्यांनी पाहिले. वायपरखालच्या जाळीतली निचऱ्याची भोकेही त्याच वेळी मोकळी केली.

कार्पेट उचलण्यासाठी पुढची सीट काढावी लागली. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि बेल्टचे असतात. बॅटरी सोडून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि ते सुटे असताना चावी फिरवू नये. कार्पेटखालच्या एका मोठ्या कनेक्टरमध्ये तीन पिनांवर हिरवा गंज चढलेला होता. फवारा मारून असा गंज जात नाही, चार आठवड्यांनी तो परत येतो. त्या तीन पिना कापून नव्या क्रिंप केल्या, म्हणजे वायरीवर दाबून बसवल्या. फोम पूर्ण वाळायला पाच दिवस लागले. तो ओलसर असताना कार्पेट परत बसवले तर नव्या पिनाही हिरव्या व्हायला वेळ लागत नाही.

आता बॅटरी उतरण्याचा प्रश्न. उभ्या गाडीत वीज किती जाते हे मोजताना सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर. बॉनेटचे आणि दारांचे लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलले, म्हणजे दारे उघडी असली तरी गाडीला ती बंद वाटतात. बॅटरीच्या निगेटिव्हला समांतर जंपर लावून मग मीटर मालिकेत जोडला आणि त्यानंतरच जंपर काढला, कारण जोडताना एक क्षण जरी वीज तुटली तरी सगळी मोड्यूल जागी होतात. मग चावी गाडीपासून लांब ठेवून ४० मिनिटे वाट पाहिली. दहा मिनिटांत मोजून ‘गळती आहे’ असे ठरवणे चूक आहे. या गाड्यांना झोपी जायला अर्धा तास लागू शकतो. चाळीस मिनिटांनंतर मीटरवर ०.३८ अँपिअर होते. ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवे. ०.३८ म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-अवर. ९० च्या थकलेल्या बॅटरीला चार दिवस पुष्कळ झाले.

पुढची पायरी म्हणून फ्यूज एकेक उपटत बसू नये. फ्यूज काढला की मोड्यूल बंद, परत घातला की जागे, आणि पुन्हा ४० मिनिटे. त्याऐवजी फ्यूजच्या पाठीवर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांवर मिलिव्होल्टमध्ये मोजायचे. फ्यूजमधून वीज जात असेल तर तिथे थोडा फरक दिसतो. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलिओहम असतो, २० चा त्याच्या निम्म्याहून कमी. सगळीकडे ०.० दिसत असताना मागच्या फ्यूज बॉक्समधल्या २० अँपिअरच्या एका फ्यूजवर १.१ मिलिव्होल्ट मिळाले. म्हणजे तीनशेच्या वर मिलिअँपिअर त्याच एका वाटेने जात होते. तो फ्यूज डिकीच्या मोड्यूलचा निघाला.

डिकी आणि बॉडी यांच्यामध्ये वायरींवर जे रबरी बूट असते ते सरकवले. डिकी उघडबंद होताना वायरी दर वेळी त्याच जागी वाकतात, आणि इतक्या वर्षांनी आतले तांबे तुटते. वरचे आवरण साबूत असते, त्यामुळे नजरेला काही दिसत नाही. प्रत्येक वायर दोन्ही बाजूंनी धरून हलके ओढायची. जी रबरासारखी ताणली जाते ती आतून तुटलेली. अशा चार निघाल्या. त्यांतली एक लॅचच्या स्विचची होती. ती तुटल्याने गाडीला डिकी कायम उघडी वाटत होती, म्हणून ते मोड्यूल झोपत नव्हते. काही गाड्यांत दार किंवा डिकी उघडी असली की उंची बदलणेही थांबते, आणि सस्पेन्शनच्या काही विचित्र तक्रारींचे मूळ इथे सापडते.

दुरुस्ती करताना वाकणाऱ्या भागात जोड ठेवू नये. तुटलेला तुकडा दोन्ही बाजूंना बूटाच्या बाहेरपर्यंत कापून टाकला, मध्ये सिलिकॉन आवरणाची बारीक तारांची लवचीक वायर घातली, जोड क्रिंप केले आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. चारही जोड एकाच ठिकाणी न घेता एकमेकांपासून दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर घेतले, नाहीतर जाड गाठ तयार होते. सोल्डर इथे टाळलेला बरा. तो तारांमध्ये वर चढतो आणि तो जिथे संपतो तिथे वायर कडक होऊन पुन्हा तुटते. काम झाल्यावर उभ्या गाडीचा खप २८ मिलिअँपिअर आला.

मग कॉम्प्रेसर, पण अजूनही मीटरनेच. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट, आणि कॉम्प्रेसर चालत असताना त्याच्या कनेक्टरवर फक्त ११.८. दोन व्होल्टच्या वर वाटेत नाहीसे होत होते. हिशेब असा लागला: रिलेच्या (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ३० आणि ८७ या पिनांमध्ये ०.९, पॉझिटिव्ह वायर आणि तिच्या जोडांत ०.६, अर्थच्या बाजूला ०.८. मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरतो. ती मंद फिरली की टाकी भरायला वेळ लागतो, मोटर तापते, आतले तापमानाचे संरक्षण तिला बंद पाडते, आणि कंट्रोल युनिट ‘दाब वेळेत वाढला नाही’ हा कोड ठेवते. रिले उघडल्यावर त्याचे संपर्क काळे आणि खड्डे पडलेले होते. असा रिले एक दिवस चिकटून राहतो आणि कॉम्प्रेसर चावी काढल्यावरही जळेपर्यंत चालतो. कॉम्प्रेसरचे कुठलेही काम केले की रिले नवाच घालायचा, हा नियम आम्ही मोडत नाही. रिले, सॉकेटमधल्या दोन पिना आणि चॅसीवरचा अर्थ, एवढे केल्यावर कनेक्टरवर १३.७ व्होल्ट आले.

गळती शोधताना एक गोष्ट माहीत हवी. अशा कित्येक गाड्या बंद असतानाही मधूनमधून जाग्या होतात, कुठला कोपरा बसला ते पाहतात आणि बाकीचे तीन कोपरे त्याच्या बरोबरीला खाली आणतात. म्हणून सकाळी पाहिले तर सगळीच गाडी बसलेली, आणि दोषी कोण ते कळत नाही. सपाट जमिनीवर, टायरचा दाब बरोबर करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत चारही मापे घेतली आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला. बारा तासांनी मागचा डावा कोपरा ३५ मिलिमीटर खाली होता, बाकीचे दोन-तीन मिलिमीटर. तेवढे रात्रीच्या गारव्याने हवा आकसल्यामुळेही होते.

गाडीखाली हात घालण्याआधी: सिस्टीम स्कॅनरने बंद करायची, गाडी चॅसीवर स्टँड लावून उभी करायची, आणि हवेच्या भरवशावर चाक व कमान यांच्यामध्ये डोके किंवा हात कधीही घालायचा नाही. एक व्हॉल्व्ह उघडला की काही सेकंदांत अडीच टनांची गाडी खाली येते. टाकीत १० बारहून जास्त दाब असू शकतो, त्यामुळे नळी सोडण्याआधी दाब उतरवायचा.

मागच्या डाव्या एअर स्प्रिंगच्या माथ्यावरच्या जोडावर साबणाचे पाणी लावल्यावर बारीक, दाट फेस आला. मोठे बुडबुडे शोधत बसू नये. रात्रभरात गाडी बसवणारी गळती अशीच बारीक फेसाची असते आणि दिसायला मिनिटभर लागते. नळी कुणीतरी आधी पक्कडने तिरकी कापून बसवली होती. ६ मिलिमीटरची नळी पाईप कटरने काटकोनात कापली, जोड आणि आतली कडी नवी घातली. जुनी कडी नळीत रुतलेली असते, ती परत वापरली तर धरत नाही.

त्यानंतरच्या रात्री तो कोपरा ११ मिलिमीटर बसला. म्हणजे गळती दोन होत्या. स्प्रिंगचे रबर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (प्रत्येक कोपऱ्याला हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा) यांत फरक करायला नळी ब्लॉकमधून सोडून तिच्या टोकाला टायरसारखा व्हॉल्व्ह जोडला, गाडीचे वजन स्प्रिंगवर असतानाच पंपाने नेहमीच्या उंचीपर्यंत हवा भरली आणि तसेच सोडले. वजन नसलेली, सुटी स्प्रिंग कधीही फुगवायची नाही, ती फुटू शकते. चोवीस तासांनी फरक २ मिलिमीटर. स्प्रिंग चांगली होती, दोष ब्लॉकचा. हा व्हॉल्व्हचा तुकडा आता गाडीतच ठेवला आहे. वाटेत सिस्टीम बंद पडली तर एक कोपरा उचलून घरी येता येते.

व्हॉल्व्ह ब्लॉक उघडल्यावर व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतात त्या जागांवर पांढरी पूड सापडली, आणि तिथून सगळी साखळी उलगडली. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा ड्रायरमधल्या दाण्यांतून जाते, दाणे ओलावा धरून ठेवतात. गाडी खाली येताना तीच कोरडी हवा उलट दिशेने ड्रायरमधून बाहेर पडते आणि दाणे वाळवते. नळीच्या जोडातून हवा बाहेर गेली तर ती ड्रायरमधून परत येत नाही. कॉम्प्रेसर मात्र नवी, ओली हवा भरत राहतो. दाणे भिजतात, घासून पूड होतात, ती पूड व्हॉल्व्हमध्ये जाते, आणि पहिल्या गळतीतून दुसरी जन्मते. ब्लॉक साफ करून नव्या ओ-रिंग घातल्या. ड्रायर रिकामा केला, नवे दाणे आणि दोन्ही बाजूंचे फिल्टर घातले. कॉम्प्रेसरच्या पिस्टनची रिंग झिजली होती (गेज लावल्यावर दाब एका ठिकाणी अडून पुढे सरकत नव्हता); ती बदलली, सिलिंडरवर ओरखडे नव्हते म्हणून तो ठेवला. ओरखडे असते तर नवी रिंग काही महिन्यांत गेली असती, आणि तेव्हा पूर्ण कॉम्प्रेसर घेणेच बरोबर. तपासताना त्याला सलग दोन मिनिटांच्या वर चालवले नाही.

उंचीचे सेन्सर तपासायला दांडी सोडून हळूहळू हलवायची आणि सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज पाहायचे. ५ व्होल्टचा पुरवठा, सिग्नल अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सलग सरकायला हवा. पुढच्या उजव्या सेन्सरमध्ये तो २.६ वर अडकून एकदम ३.४ वर उडी मारत होता. बदलला.

‘ठक्क’ आवाज पुढच्या लोअर आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणारा खालचा दांडा) मागच्या बुशचा, म्हणजे सांध्यातल्या रबराचा होता. हे बुश आत द्रव भरलेले असते. फुटले की भोवती काळा ओघळ दिसतो. बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून बसला होता. असा बोल्ट हातोड्याने ठोकत राहिलात तर चॅसीवरचा कान वाकतो; तो कापून काढला. अलाइनमेंटच्या बोल्टांची जागा आधी खुणेने नोंदवली. नवे आर्म बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चाक हवेत लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळणे. तेव्हा बुश लोंबत्या स्थितीत पकडले जाते, गाडी खाली आली की कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. आम्ही हबखाली जॅक लावून चाकाचा मध्य ते कमान हे नेहमीच्या उंचीचे माप जुळवले आणि मगच टॉर्क पान्याने आवळले.

शेवटी स्कॅनरमध्ये चारही उंचीची मापे भरून कॅलिब्रेशन, त्यानंतर अलाइनमेंट, त्यानंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात.

फ्यूज काढून पुन्हा घेतलेल्या मापांत चोवीस तासांत चारही कोपरे ३ मिलिमीटरच्या आत राहिले. जुन्या २७ कोडपैकी एकही परत आलेला नाही. पुढच्या उजव्या एअर स्प्रिंगच्या घडीवर बारीक भेगा आहेत, गाडी पूर्ण वर घेतल्यावरच दिसतात. अजून हवा धरते आहे. पुढच्या दोन्ही स्प्रिंग जोडीने मागवल्या आहेत.